विहिरीतलं जस्त

नोकरीच्या आठवणी लिहिताना माणसं कष्ट लिहितात, बदल्या लिहितात, साहेबांचे स्वभाव लिहितात. हेवा कोणी लिहीत नाही. मी लिहिणार आहे. वर्ध्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत माझी तीस वर्षं गेली आणि त्यातलं जे एक प्रकरण मला आजही नीट झोपू देत नाही, ते हेव्यानंच घडवलेलं आहे.

आमची प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या आणि एक अडगळ. जिल्हाभरातून बाटल्या यायच्या. विहिरींचं पाणी, हातपंपाचं पाणी, हिंगणघाटच्या गिरणीच्या बॉयलरचं पाणी. बाटली धुऊन आणा असं सांगूनही निम्म्या बाटल्यांना तिळाच्या तेलाचा वास. माणसंही तऱ्हेतऱ्हेची. केळझरकडचे एक गृहस्थ वर्षातून तीनदा स्वतःच्या विहिरीचं पाणी घेऊन येत. एकदा म्हणाले, "शेजाऱ्याच्या विहिरीपेक्षा माह्या विहिरीचं पानी चांगलं हाय, येवढं लिहून द्या."

मी म्हटलं, "त्यांचंही पाणी आणा, दोन्ही तपासतो. पण त्यांचंच चांगलं निघालं तर?"

जरा विचार करून म्हणाले, "तं मंग माह्यं तपासू नका."

मी त्यांना खूप हसलो होतो. तेव्हा मला स्वतःची ओळख झालेली नव्हती.

माझी ख्याती होती डोळ्यांची. त्या काळी पाण्यातलं लोह, फ्लोराइड वगैरे मोजायला रंग जुळवावा लागे. उंच काचेच्या नळ्या, खाली पांढरी फरशी, वरून डोकावून पाहायचं. एका नळीत नमुना, बाकीच्यांत माहीत असलेलं प्रमाण. दुसऱ्याला जिथे दोन नळ्या सारख्या दिसत, तिथे मला अर्ध्या छटेचा फरक कळायचा. साहेब म्हणत, "डंभारेचे डोळे हेच आपलं यंत्र." या वाक्यावर मी अकरा वर्षं काढली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा वरिष्ठ रसायनज्ञाची जागा निघाली. चार वर्षं मी त्या खुर्चीकडे पाहत होतो. खुर्चीत आल्या सुनंदा मॅडम. नागपूरच्या विद्यापीठातून एम.एस्सी., वय पंचवीस. मी छत्तीसचा, साधा बी.एस्सी. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊ, मला इथलं काहीच माहीत नाही. तुम्ही सांगाल तसं करू." इतक्या सरळ बोलणाऱ्या माणसाचा राग करता येत नाही, म्हणून मी हेवा करायला लागलो.

महिन्याभरात त्यांनी विद्यापीठातून एक दिवा मिळवून आणला. अतिनील किरणांचा. अडगळीच्या खोलीची खिडकी काळ्या कापडानं बंद केली, आत एक टेबल टाकलं. सोबत तपकिरी बाटलीत एक पिवळसर पूड होती. ऑक्सिन नावाच्या पदार्थाचंच पाण्यात विरघळणारं रूप. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं, की हा रेणू एकटा असला तर गप्प बसतो. पाण्यात जस्त असलं, अगदी थोडंसं, तरी तो त्याला चिमट्यासारखा पकडतो आणि दोघं मिळून त्या दिव्याखाली पिवळट हिरवे चमकायला लागतात. दुसरे एकदोन धातूही त्याला थोडे बोलते करतात, पण पाण्याची आम्लता नीट सांभाळली की मुख्य आवाज जस्ताचा. माझ्या जुन्या पद्धतीनं जस्त शोधायला अर्धा दिवस लागे. त्यांना पाच मिनिटं.

पहिल्यांदा त्यांनी ते साहेबांना दाखवलं तेव्हा मीही त्या खोलीत होतो. अंधारात चार नळ्या. तीन काळ्या आणि चौथी एकदम काजव्यासारखी. साहेब म्हणाले, "वा!" अकरा वर्षांत त्यांनी मला चांगलं म्हटलं होतं, ठीक म्हटलं होतं, उत्तमही म्हटलं होतं. वा म्हटलं नव्हतं. घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, "मग तुमीबी शिकून घ्या ना तिच्यापासून." मी त्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठलो.

त्यानंतर जो येई तो दिवा पाहायला मागे. तालुक्याचे इंजिनिअर आले, शाळांचे मास्तर आले. मी रंग जुळवत असलो की लोक माझ्या मागून अडगळीकडे जात. मॅडम दर वेळी सांगत, "हे डंभारेभाऊ, खरं काम यांच्या टेबलावर चालतं." मला ते दया केल्यासारखं वाटे.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी कॉलेजातली दहा-बारा मुलंमुली दिवा पाहायला आली होती. मी बाजूच्या खोलीत शुद्ध पाणी तयार करायच्या भट्टीशी होतो. वाफेचं पाणी थंड होऊन ज्या रबरी नळीतून पिंपात पडतं, ती नळी चिरली होती. मी नवी बसवली. नव्या रबरात जस्ताची भुकटी मिसळलेली असते, म्हणून नळी आधी नीट उकळून, धुऊन घ्यायची असते. हे मला माहीत होतं. मीच नवशिक्यांना ते शिकवायचो. पण पलीकडून टाळ्या ऐकू आल्या आणि मी नळी तशीच ठोकून दिली. पिंप त्या पाण्यानं भरलं.

तासाभरानं पोलिसांची जीप आली. समुद्रपूरच्या बाजूचं एक गाव, नाव लिहीत नाही. आदल्या दिवशी तिथे लग्न होतं. वरात आली, सगळ्यांना थंड पन्हं दिलं, आणि तासाच्या आत चाळीसएक माणसं ओकाऱ्या करायला लागली. कोणी दगावलं नाही, पण नवरदेवाला सलाईन लावावं लागलं. मांडवाला पाणी आलं होतं नामदेव नावाच्या एका माळ्याच्या विहिरीतून. उन्हाळ्यात गावच्या बाकी विहिरी आटल्या की सगळे त्याच्याच विहिरीवर येत. आणि नवरीचा बाप विठ्ठलराव आणि हा नामदेव यांचं बैलगाडीच्या वाटेवरून भांडण होतं. गावानं दोन आणि दोन चार केले. पोलिसांनी विहिरीच्या पाण्याच्या तीन बाटल्या आणल्या होत्या.

साहेब घाईत होते. "मॅडम, तुमच्या दिव्यावर घ्या. यांना आजच कळवायचंय."

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कोणतीही तपासणी करताना एक नळी अशी ठेवायची की जिच्यात नमुना नाही. फक्त आपलं शुद्ध पाणी आणि आपलं औषध, म्हणजे इथे ती पिवळसर पूड. तिला आम्ही ब्लँक म्हणतो. ती काळी राहिली तरच बाकीच्या नळ्या खरं बोलताहेत असं समजायचं. मॅडमनी सकाळी ब्लँक घेतला होता आणि तो काळा होता. दुपारी मात्र पिंपातून ताजं पाणी घेऊन त्यांनी औषध नव्यानं कालवलं, त्याच पाण्यानं नमुने पातळ केले, आणि ब्लँक सकाळचाच धरला.

दिवा लागला. तिन्ही नळ्या हिरव्या.

मी दाराशी उभा होतो. मॅडमचं लक्ष नळ्यांवर, साहेबांचं लक्ष नळ्यांवर. मॅडमनी हातातलं पिपेट पिंपातल्या शुद्ध पाण्यानं विसळलं, ते पाणी टाकाऊ औषधाच्या चंचुपात्रात सोडलं, आणि ते चंचुपात्रही टेबलाच्या कडेला अंधारात हळूच उजळलं. ते फक्त मी पाहिलं. अर्ध्या छटेचा फरक ओळखणारे डोळे होते ना. आणि त्याच क्षणी मला नवी रबरी नळी आठवली.

मी बोललो नाही.

खोटं कशाला सांगू, मनात काय आलं ते शब्दाशब्दानं आठवतं. आलं ते असं, की पडू दे तोंडावर एकदा. दोन दिवसांनी कुठूनतरी उलटा अहवाल येईल, साहेब विचारतील, मग मी शांतपणे सांगीन की रबरी नळ्या उकळून घ्याव्या लागतात. विहीर, नामदेव, पोलीस हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त साहेबांचा "वा" होता.

अहवाल गेला, की विहिरीच्या पाण्यात जस्त आहे. पोलिसांपैकी कोणीतरी म्हणालं, उंदराच्या औषधात जस्तच असतं. झालं. दुसऱ्या दिवशी नामदेवला चौकीवर बसवून ठेवलं.

मला ते तिसऱ्या दिवशी साहेबांच्या बोलण्यातून कळलं. "मॅडम, तुमच्या दिव्यानं गुन्हेगार पकडला बरं का." मॅडमचा चेहरा उतरला. "सर, मी जस्त सांगितलं. विष टाकलं असं नाही सांगितलं." साहेब हसले. मी माझ्या टेबलावर रंग जुळवत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा माझा एक नमुना चुकला.

तरीही मी बोललो नाही. आता तर बोलणं आणखीच कठीण झालं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी एक बाई आली. पायी आणि एस.टी.नं मिळून आली होती. डोक्यावरचा पदर घामानं भिजलेला, हातात फडक्यानं तोंड बांधलेली कळशी. म्हणाली, "दिव्याच्या बाई कोठी हायेत?"

मॅडम त्या दिवशी आर्वीला गेल्या होत्या. मी म्हटलं, "मी आहे. काय काम?"

"मी नामदेवची बायको, शेवंता. माह्या मानसानं काई नाई टाकलं जी पान्यात. हे पाहा, आजचं पानी हाय. लोकाईनं आमच्या वावरात येनं बंद केलं. तोडलेले वांगे बाजारात कोनी हात लावत नाई. म्हनते, जहराच्या पान्याचे हायेत."

मी काहीतरी ठरीव बोललो, पोलिसांमार्फत नमुना आला पाहिजे वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग कळशीचं फडकं सोडलं, ओंजळ भरली आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या प्यायली. "आमी सात मानसं रोज हेच पेतो. आमाले काऊन काई होत नाई?"

लख्खकन् डोक्यात उजेड पडावा तसं झालं. चार दिवसांत कोणीही, मीही, हा प्रश्न विचारला नव्हता. मी तिला स्टुलावर बसवलं. "बाई, मांडवात नुसतं पाणी कोणी प्यायलं होतं?"

"पेले ना. स्वैपाकाच्या बाया त्याच पान्यावर होत्या दिवसभर. त्याईले काई नाई झालं. पन्हं पेलं त्याईलेच झालं."

"पन्हं कशात केलं होतं?"

"नव्या टाकीत. चमकदार पत्र्याची. हिंगनघाटहून आनली होती इठ्ठलरावनं खास लग्नासाठी. आदल्या रोजीच कालवून ठेवलं होतं, गारेगार राह्यला पायजे म्हनून."

कैरीचा आंबट रस आणि जस्ताचा मुलामा दिलेला नवा पत्रा, आणि त्यावर जवळजवळ एक दिवस. कुठल्याही रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुचावं असं होतं. आम्हा दोघांना सुचलं नाही, कारण एकजण दिव्याकडे पाहत होती आणि दुसरा तिच्याकडे.

मॅडम संध्याकाळी पाचच्या गाडीनं परतल्या. मी त्यांना एस.टी. स्टँडवरच गाठलं. सगळं सांगितलं. नळी, टाळ्या, चंचुपात्र. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी इतकंच विचारलं, "तुम्ही ते चंचुपात्र त्याच वेळी पाहिलं होतं?"

"हो."

"चार दिवस, भाऊ? चार दिवस तुम्ही पाहून राह्यले होते?"

एवढं शुद्ध बोलणारी बाई, रागात तिचं नागपूर बाहेर आलं.  त्या चालायला लागल्या, मी मागे. प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी पिंपातलं पाणी आणि औषध एका नळीत घेतलं, दिवा लावला. ब्लँक हिरवा. 

दुसऱ्या दिवशी मी नळी उकळली, पिंप तीनदा धुतलं, पाणी पुन्हा काढलं. ब्लँक काळा आला. शेवंताच्या कळशीतलं पाणी घातलं, तेही काळं. पोलिसांच्या बाटल्यांत उरलेलं पाणीही काळं. मग आम्ही दोघं जीपनं गावात गेलो. विठ्ठलरावांच्या घरामागे टाकी उपडी पडली होती. आतला वरचा भाग अजून लखलखीत, आणि जिथपर्यंत पन्हं होतं तिथून खाली पत्रा राखाडी, खरबरीत. त्यांच्याकडूनच कैऱ्या मागून घेतल्या, पन्हं कालवलं, टाकीतच ओतून ठेवलं आणि दुसऱ्या सकाळी त्याची बाटली भरून आणली. मॅडमनी एक थेंब पाण्यात घालून पातळ केला तरी नळी इतकी चमकली की त्यांच्या तोंडावर उजेड पडला. मी माझ्या जुन्या पद्धतीनं पडताळा घेतला. पांढरा साका खाली बसेपर्यंत त्या माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. 

अहवाल त्यांनी स्वतः लिहिला. टंकलेखकाकडे जायच्या आधी माझ्याकडे वाचायला दिला. "विहिरीच्या पाण्यात जस्त नाही. पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता. शुद्ध पाणी बदलल्यानंतर मी ब्लँक पुन्हा घेतला नाही. ही चूक माझी आहे." खाली पन्ह्याबद्दल आणि टाकीबद्दल. आणि एक ओळ, "जुन्या पद्धतीनं पडताळणी, श्री. डंभारे."

मी म्हटलं, "मॅडम, नळीचं लिहा. माझं नाव घाला."

"ब्लँक घेणं माझं काम होतं. तुम्ही नळी उकळली असती की नसती, ब्लँकनं ते पकडायला हवं होतं." मग कागद माझ्या हातातून घेत म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसलात, ते या कागदावर लिहायचं नाही. ते तुमचं तुम्ही पाहा. मी मात्र विसरणार नाही."

साहेबांनी त्यांना तासभर झापलं. त्यांच्या गोपनीय अहवालात शेरा गेला. मी बाहेर बसून ऐकत होतो. आणि सांगायला लाज वाटते, तेव्हाही मला हेवाच वाटला. त्यांच्या डिग्रीचा, दिव्याचा, खुर्चीचा हेवा मी कधीतरी पचवला असता. पण "ही चूक माझी आहे" हे चार शब्द त्यांनी कोणी न मागता लिहून दिले, त्याचा हेवा कसा पचवायचा? मी आत गेलो आणि साहेबांना नळीचं सांगितलं. ते फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "तुम्ही कशाला आता तिला वाचवताय?" त्यांचा विश्वासच बसला नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी हातानंच जा म्हटलं.

म्हणून मी एकटाच गावाला गेलो. पोलिसांनी नामदेवला सोडलं होतं, पण गावानं सोडलं नव्हतं. विहिरीवर शुकशुकाट. मजूर येत नव्हते म्हणून वांग्याचं वावर करपून गेलेलं. नामदेव धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला होता. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. मी त्याला म्हटलं, चार माणसं बोलवा, मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे. दहा-पंधरा जण आले. विठ्ठलरावही आले, मागे उभे राहिले.

मी सांगितलं की विहीर स्वच्छ आहे, टाकीतलं जस्त पन्ह्यात उतरलं होतं. मग सांगितलं की पहिला अहवाल माझ्यामुळे चुकला, ते मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी चार दिवस गप्प राहिलो.

कोणीतरी विचारलं, "काऊन जी?"

मी म्हटलं, "दुसऱ्याचं चांगलं होऊन राह्यलं होतं, ते मले पाहवलं नाई."

कधी नव्हे ते माझ्या तोंडून घरची बोली आली. कोणी हसलं नाही. नामदेव उठला, विहिरीत दोर सोडला, बादली वर काढली आणि गडवा भरून माझ्यापुढे धरला. "तुमी पेता का?"

मी प्यालो. गार, किंचित खारं पाणी. शेवंता पाहत होती. मग गडवा विठ्ठलरावांकडे गेला. ते बराच वेळ तो हातात धरून उभे राहिले आणि मग दोन घोट घेतले. काही जण पुढे आले. काही तसेच निघून गेले. नामदेवचा सख्खा चुलतभाऊ त्या विहिरीवर पुन्हा आला नाही, असं पुढे कळलं. करपलेलं वावर त्या वर्षी उभं राहिलं नाही. मी निघताना नामदेवनं मला हात जोडले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. "बसस्टॉप तिकडं हाय," एवढंच म्हणाला.

मॅडम पुढची चार वर्षं आमच्याकडे होत्या. पहिले सहा महिने त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, दिवा शिकायचा असेल तर या." मी गेलो. चांगलं शिकवायच्या. मी कुरकुरत शिकलो. त्या नागपूरला संशोधनासाठी गेल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात मी त्यांच्याबद्दल सगळं खरं आणि चांगलं बोललो, आणि घरी येऊन न जेवताच झोपलो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक दिवस टपालानं जाडजूड बाड आलं. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध. माणसाचा स्वभाव असा, की मी पहिल्यांदा आभाराचं पान काढलं. प्राध्यापक, आईवडील, नवरा, आणि सर्वांत शेवटी: "वर्ध्याचे श्री. प्रभाकर डंभारे, ज्यांच्यामुळे मी एकही दिवस ब्लँक घेतल्याशिवाय काम केलं नाही." ते मी तीनदा वाचलं. त्यात टोमणा किती आणि माया किती, हे माझ्या डोळ्यांना काही ठरवता आलं नाही.

मग आतली पानं उलटली. बाजारात मिळणारी पूड नाही, त्यांनी स्वतः घडवलेला एक नवा रेणू होता. मॅग्नेशियम, कॅल्शियम काहीही असो, तो फक्त जस्तालाच ओळखणार, आणि आमच्या त्या पुडीच्या कितीतरी पट कमी प्रमाणात. निम्मं मला कळलं नाही. जे निम्मं कळलं ते इतकं सुंदर होतं, की पोटात पुन्हा तसंच दुखलं, जसं पहिल्या दिवशी अडगळीत दुखलं होतं.

उत्तराचा कागद घेऊन बसलो. प्रिय मॅडम, एवढं लिहिलं आणि पेन अडलं. तो कागद आठवडाभर टेबलावर पडून होता. बायको रोज त्याच्यावरची धूळ झटकायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची, विचारायची नाही. आठव्या दिवशी मी "अभिनंदन" हा शब्द लिहिला, पाकीट बंद केलं, आणि मन बदलायच्या आत स्वतः चालत जाऊन पेटीत टाकून आलो.